उन्हाळ्यांतील घरचें फलपेय

चैत्र उजाडला कीं घरोघर नवे माठ येऊन बसतात, बाजारांत कैऱ्यांच्या पाट्या दिसूं लागतात, आणि परीक्षेच्या कचाट्यांतून सुटलेलीं मुलें भर दुपारीं मनसोक्त खेळून, घामाघूम होऊन घरीं परततात. उंबरठ्यांत पाऊल पडतांच त्यांची पहिली मागणी असते ती कांहीं तरी गार पिण्याची. ही मागणी पुरविण्यास आज साधनें थोडीं नाहींत. नाक्यावर बर्फाचा गोळा मिळतो, दुकानांत फसफसणारी बाटली मिळते, आणि दोहोंपैकीं एक मुलाच्या हातीं पडण्यास वेळ लागत नाहीं. तथापि, तहान कशानें भागते व कशानें नुसती भागल्यासारखी वाटते, याचा विचार करूनच काय प्यावें तें ठरविलें पाहिजे. तो विचार केल्यास घरचें फलपेय हेंच सरस ठरतें, असें आमचें मत आहे.

निरनिराळ्या फळांचे रस एकत्र करून केलेल्या पेयास हल्लीं ‘फ्रूट कॉकटेल’ म्हणण्याची चाल पडली आहे. कॉकटेल हा शब्द मूळचा मद्याच्या मिश्रणाचा. तो मुलांच्या पेल्यास लावणें आम्हांस फारसें रुचत नाहीं. त्याहून जुना एक शब्द आपल्याच किनाऱ्यावर रूढ होता. जॉन फ्रायर नांवाचा एक इंग्रज वैद्य सतराव्या शतकांत सुरत, मुंबई वगैरे ठिकाणीं राहिला होता. १६९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें गोव्यांतील नेरूळ गांवच्या दारूचा उल्लेख केला आहे, व तिच्यापासून इकडील इंग्रज लोक ‘पंच’ नांवाचें पेय बनवितात आणि पांच जिनसांवरून त्यास तें नांव पडलें, असें लिहून ठेविलें आहे. ही व्युत्पत्ति सर्व कोशकारांनीं एकमुखानें मान्य केलेली नाहीं. पण आपल्या ‘पांच’ या शब्दाशीं ती इतकी जुळती आहे कीं सोडवत नाहीं. दारू, पाणी, साखर, लिंबाचा रस व मसाला हे ते पांच जिन्नस होत. यांतून दारू काढून टाकली, तर चार उरतात, व एक जागा रिकामी पडते. त्या जागीं आम्ही मीठ बसवूं इच्छितों. हें केवळ शब्दकौतुक नव्हे. उन्हाळ्यांतील पेयांत मिठाचें महत्त्व किती, हें शास्त्रानें आतां निर्विवाद सिद्ध केलें आहे.

मनुष्याच्या शरीराची उष्णता सुमारें ३७ अंशांवर स्थिर राहावी लागते. बाहेर हवा ४० अंशांच्या वर गेली, म्हणजे ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच प्रभावी मार्ग शरीरापाशीं उरतो, व तो म्हणजे घाम. घाम कातडीवरून वाळतांना उष्णता घेऊन जातो. पण तो वाळल्यावर सदऱ्यावर जे पांढुरके डाग उमटतात, ते मिठाचे असतात. म्हणजे घामावाटें पाण्याबरोबर मीठहि जातें. पाणी भरून काढतांना मिठाची आठवण ठेवली पाहिजे ती याचसाठीं.

आतां साखर कशास, असें कोणी विचारील. केवळ गोडीसाठीं, असें पूर्वीं सर्वांस वाटे. परंतु लहान आंतड्याच्या अस्तरांत अशी कांहीं व्यवस्था आहे, कीं साखरेंतील ग्लुकोज व मिठांतील सोडियम हीं दोन्ही हातांत हात घालून आंत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलें जातें. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें हा सिद्धांत १९६० सालीं प्राग येथील एका परिषदेंत मांडला. त्याचा जगास खरा प्रत्यय आला तो १९७१ सालीं. बांगला देशाच्या युद्धाच्या वेळीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची भयंकर सांथ पसरली, आणि शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं साखर, मीठ व थोडा खाण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून तें पाणी पिंपांत भरून ठेविलें, व रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच तें त्यांस पाजविलें. जेथें शंभरांतील सुमारें तीस रोगी दगावत होते, तेथें हें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. डॉ. महालनोबिस २०२२ सालीं निवर्तले. २०२३ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हें त्या औषधाचें घरगुती रूप प्रत्येक मातेस पाठ असावें. मात्र फळांचें पेय तें औषध नव्हे. जुलाब लागलेल्या मुलास हें औषधी पाणीच द्यावें, पन्हें किंवा रस देऊं नये; कारण फार गोड पेय आंतड्यांत गेलें तर तें उलट शरीरांतील पाणी आंतड्याकडे खेंचतें व जुलाब वाढवितें. बाजारच्या अति गोड बाटलीनें तहान घटकाभरांत पुन्हां कां लागते, याचाहि थोडासा उलगडा यांत आहे.

आतां कृतीकडे वळूं. पहिला मान अर्थातच पन्ह्याचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवांत पन्हें व आंब्याची डाळ ज्यांनीं चाखली नाहीं, असें मराठी घर विरळाच. चार मध्यम आकाराच्या कडक कैऱ्या धुऊन, कुकरांत किंवा झांकण ठेवून साध्या पातेल्यांत मऊ होईपर्यंत उकडाव्या. निखारे असतील तर भाजाव्या. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्यास जो खमंगपणा येतो, तो उकडलेलीस येत नाहीं, असें आमचें प्रांजळ मत आहे. निवाल्यावर साल व कोय काढून गर हातानें कुसकरावा. तो वाटीनें मोजून, एक वाटी गरास एक ते दीड वाटी चिरलेला गूळ घालावा. कैरी किती आंबट आहे यावर हें प्रमाण अवलंबून, तेव्हां जिभेचा सल्ला घ्यावा. गूळ विरघळला म्हणजे गर गाळून घेणें बरें, कारण गुळांत काडीकचरा असतो. मग वेलदोड्याची पूड व अर्धा चहाचा चमचा मीठ घालावें. ऐपत असल्यास केशराच्या चार काड्या. हा गर कांचेच्या कोरड्या बरणींत फ्रीजमध्यें आठवडाभर सुखानें टिकतो. पेलाभर पाण्यांत दोन मोठे चमचे गर ढवळला कीं पन्हें तयार. एक खबरदारी मात्र घ्यावी. कैरीचा अंश असलेलें कांहींहि कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवूं नये. आम्लानें धातु विरघळून तें पोटास बाधतें. ॲल्युमिनियमचीं भांडींहि या कामीं टाळावीं.

कोंकणांत व गोव्यांत हाच मान कोकमाचा. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, व पावसाळ्यापूर्वीं तीं फळें उतरविण्याची एकच धांदल उडते. ताज्या फळाच्या सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणींत ठेविल्या, म्हणजे कांहीं दिवसांनीं जो गडद तांबडा पाक सुटतो, तेंच अमृत कोकम. ज्यांस ताजीं फळें मिळत नाहींत अशा घाटावरच्या मंडळींनीं आठदहा आमसुलें वाटीभर कोमट पाण्यांत अर्धा तास भिजत घालावीं, तीं चोळून पाणी गाळावें, आणि त्यांत साखर व जिऱ्याची पूड मिसळून तिप्पटचौपट पाणी घालावें. आमसुलांस पुष्कळदां आधींच मीठ लावलेलें असतें. म्हणून चव घेतल्यावांचून वरून मीठ टाकण्याची घाई करूं नये.

आतां खऱ्या अर्थानें मिश्र असें तिसरें पेय. सहा माणसांसाठीं कलिंगडाच्या लाल गराच्या चार वाट्या फोडी, खरबुजाच्या दोन वाट्या, तीन मोसंब्यांचा रस, एका लिंबाचा रस, मूठभर काळीं द्राक्षें, पुदिन्याचीं दहाबारा पानें व पाव चहाचा चमचा मीठ इतकें साहित्य पुरे. द्राक्षांचा हंगाम सरला असेल तर डाळिंबाचे दाणे घ्यावे. कलिंगडाच्या बिया काढून त्याचा व खरबुजाचा गर मिक्सरमध्यें फिरवावा अथवा रवीनें घुसळावा, त्यांत दोन्ही रस व मीठ मिसळावें, आणि द्राक्षें अर्धीं चिरून, पुदिना हातानें चुरडून वर सोडावा. साखर घालूं नये. फळें पक्व असतील तर ती लागत नाहीं, व नसतील तर साखरेनें त्यांचें फिकेपण झांकत नाहीं.

कृति इतकी सोपी, कीं पांचवींतील मुलानेंहि मोठ्यांच्या देखरेखीखालीं ती करावी. पण तींतील दोन गोष्टींचें मर्म समजून घेतलें पाहिजे. कलिंगड व खरबूज हीं फळें गोड असलीं तरी आंबट नाहींत. कैरी, लिंबू, कोकम यांच्या आम्लांत रोगजंतूंची वाढ खुंटते; कलिंगडाच्या गोड पाणीदार गरांत ती झपाट्यानें होते. फळाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाणी, व वर साखर, मग जंतूंस आणखी काय हवें? रस्त्यावर चिरून ठेवलेल्या फोडी म्हणूनच धोक्याच्या. घरींहि फळ चिरण्यापूर्वीं वरून स्वच्छ धुवावें. आपण साल खात नाहीं हें खरें, पण सालीवरची माती सुरीच्या पात्याबरोबर आंत उतरते. दुसरी गोष्ट मोसंब्याची. रस काढून ठेविला तर थोड्याच वेळांत तो कडवट होतो. बिया व पांढरी साल चिरडल्यास तर फारच. यास्तव मोसंबीं अगदीं शेवटीं, आणि हलक्या हातानें पिळावीं.

राहतां राहिला बर्फ. पन्हें व कोकमाचें सरबत हीं पेयें ज्या काळीं रूढ झालीं, त्या काळीं या देशांत उन्हाळ्यांत सामान्य जनांस बर्फ पाहावयासहि मिळत नसे. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहराहून तळ्यांतील गोठलेल्या पाण्याच्या लाद्या भुशांत बांधून जहाजानें कलकत्त्यास आणल्या गेल्या, तेव्हां लोकांस त्याचें केवढें नवल वाटलें! आज बर्फ स्वस्त आहे, पण तो कोणत्या पाण्याचा, हें कोण पाहतो? थंडीनें पाण्यांतील जंतु मरत नाहींत. बरेचसे नुसते निपचित पडतात व बर्फ वितळतांच पुनः जागे होतात. मासळी व इतर माल टिकविण्यासाठीं केलेला बर्फ पिण्याजोग्या पाण्याचा असावा लागत नाहीं. तो चुकून खाण्यांत येऊं नये म्हणून त्यांत निळसर रंग मिसळण्याचा नियम २०१८ सालीं महाराष्ट्रांत करण्यांत आला. तेव्हां मुलांनीं निळसर लादी ओळखण्यास शिकावें, आणि पांढऱ्या लादीवरहि डोळे मिटून विश्वास टाकूं नये. घरीं उकळलेल्या पाण्याचा बर्फ करावा, नाहीं तर माठाचा आश्रय घ्यावा.

माठ हें विज्ञानाच्या तासाला शिकविलेल्या धड्याचें उत्तम प्रात्यक्षिक आहे. सच्छिद्र मातींतून पाझरलेल्या पाण्याचा एक ग्रॅम भाग वाफ होऊन जातांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, व आंतील पाणी तितकें निवतें. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेंत माठाचें पाणी दांत शिवशिवतील इतकें गार होतें. रत्नागिरीस हवा दमट, त्यामुळें वाफ सावकाश होते, व त्याच कुंभाराचा माठ तेथें नेला तरी तो इतकें गार पाणी देत नाहीं. यांत माठाचा दोष नाहीं, हें कोंकणांतील गृहिणींनीं ध्यानांत घ्यावें. माठ वाऱ्याच्या जागीं ठेवावा, त्यांत उकळून निवविलेलें पाणी भरावें, आणि पाणी घेण्यास दांड्याचें ओगराळें वापरावें. सर्वांचे हात त्यांत बुडाले तर पाणी उकळल्याचा उपयोग काय?

पालकांसाठीं दोन शब्द. मधुमेह असलेल्या वडील माणसांस पन्हें किंवा फळांचा रस देण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. रक्तदाबाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मिठाविषयींहि विचारावें. आणि उन्हाची बाधा ही केवळ तहानेची बाब नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें भर उन्हांत भरलेल्या एका सार्वजनिक सोहळ्यानंतर दहाहून अधिक माणसें उष्माघातानें दगावलीं. उन्हांतून आलेलें मूल असंबद्ध बोलूं लागलें, त्याचें अंग तापून लाल झालें, किंवा त्याची शुद्ध हरपूं लागली, तर त्याच्या तोंडांत कोणतेंहि पेय ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. त्यास तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, कांखेंत व मानेवर ओल्या घड्या ठेवाव्या, आणि वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. मूल पूर्ण शुद्धीवर असून नुसतें थकलेलें असेल, तर त्यास बसवून पेयाचे लहान लहान घोट द्यावे. एका दमांत पेला रिकामा केल्यास पुष्कळदां उलटी होते.

मिश्र फळांचें पेय केल्यावर तासादोन तासांत संपवावें. उरलेंच तर फ्रीजमध्यें झांकून ठेवावें, व दुसऱ्या दिवशीं त्याचा मोह धरूं नये. पन्ह्याच्या बरणींत मात्र प्रत्येक वेळीं कोरडाच चमचा घालावा. घरांत मुलें अधिक असतील तर बरणी वरच्या फळीवर ठेवावी, म्हणजे आठवडाभर टिकणारा गर निदान तीन दिवस तरी टिकेल.