ब्याऐंशी ते त्र्याऐंशी

लेखमाला : फुटबॉलचं अंगण । लेखांक ६

९ ऑक्टोबर २०१७. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात भारत कोलंबियाविरुद्ध ०-१ ने मागे आहे. घड्याळात ब्याऐंशीवं मिनिट. संजीव स्टॅलिन कॉर्नर घ्यायला जातो. चेंडू वळत गोलसमोर येतो आणि मणिपूरचा उंचापुरा जीक्सन सिंग सगळ्यांच्या वर उडी घेऊन त्याला डोकं लावतो. गोल! फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताने केलेला हा पहिला गोल.

आम्ही दहा-बारा जण कोल्हापुरात एका मित्राकडे टीव्हीसमोर बसलो होतो. त्या क्षणी बसलेलं कुणीच राहिलं नाही. एकाने तर आनंदाच्या भरात दार उघडून गल्लीत आरोळी ठोकली. तो आत येऊन बसतोय तोवर खोली गप्प झाली होती. कोलंबियाने मध्यावरून चेंडू खेळायला घेतला होता, सरळ पुढे नेला होता आणि आमची बचावफळी जागेवर यायच्या आत हुआन पेन्यालोसाने गोल केला होता. त्र्याऐंशीवं मिनिट. १-२. सामना तिथेच संपला.

भारताच्या युवा संघाचा आंतरराष्ट्रीय रेकॉर्ड समजून घ्यायचा असेल, तर या एका मिनिटापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. गोल कसा करायचा हे मुलांना येत होतं. गोल केल्यानंतरचं मिनिट कसं खेळायचं, हे येत नव्हतं. ते सरावात शिकवता येत नाही. ते अटीतटीचे सामने खेळूनच अंगात मुरतं.

मागच्या लेखांकात आपण खेळाडूंचं वय कसं तपासतात ते पाहिलं. सतराखालच्या विश्वचषकासाठी फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते. हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग पूर्ण जुळलेला दिसला, की मुलगा बाद. वयाच्या या कुंपणाचा दुसरा परिणाम आज पाहायचा आहे. ज्येष्ठ संघात एखादा सुनील छेत्री जवळपास दोन दशकं टिकतो. आज खाल्लेल्या गोलाचा धडा तेच डोकं पुढच्या वर्षीच्या सामन्यात घेऊन उतरतं. सतराखालच्या संघाला ही सोय नाही. दोन वर्षांत अख्खा संघ वयाबाहेर जातो आणि नव्या मुलांपासून पुन्हा श्रीगणेशा. मग रेकॉर्ड नेमका कुणाचा? मुलं बदलतात. मागे उरतात प्रशिक्षक, वयोगटाच्या लीग, निवडीची पद्धत आणि महासंघाचा धीर. युवा संघाचा रेकॉर्ड म्हणजे या मागे उरणाऱ्यांचं प्रगतिपुस्तक.

हे प्रगतिपुस्तक वाचायला एक ठरावीक माप हवं. मी इराण निवडतो, कारण हा संघ आपल्या वाटेत पुन्हा पुन्हा येतो.

पहिली नोंद १९७४ ची, बँकॉकमधल्या आशियाई युवा स्पर्धेची. प्रशिक्षक अरुण घोष, कर्णधार हैदराबादी शब्बीर अली. अंतिम सामन्यात भारत २, इराण २. विजेतेपद दोघांना विभागून दिलं गेलं. त्या दिवशी दोन्ही देश एका पायरीवर उभे होते. पुढे काय झालं ते पाहा. इराणने १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं ही स्पर्धा एकट्याने किंवा विभागून जिंकली. १९७७ मध्ये ट्युनिशियात पहिली जागतिक युवा स्पर्धा झाली, त्यात इराण होता. १९७८ मध्ये त्यांचा ज्येष्ठ संघ अर्जेंटिनात विश्वचषक खेळला. भारताला युवा गटातलं आशियाई विजेतेपद त्यानंतर मिळालेलं नाही, आणि फिफाच्या कुठल्याही वयोगटातल्या पहिल्या विश्वचषकासाठी २०१७ उजाडावं लागलं. तोही यजमान म्हणून. बँकॉकची ती बरोबरी आपण आठवण म्हणून जपली, पुढची पायरी म्हणून वापरली नाही.

दुसरी नोंद सप्टेंबर २०१६ ची, गोव्यातली. सोळा वर्षांखालच्या मुलांची आशियाई स्पर्धा आपल्याच अंगणात होती. संयुक्त अरब अमिरातीशी आपण २-३ असे हरलो, सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी केली आणि इराणकडून ०-३ असा मार खाल्ला. पहिल्या दोन सामन्यांत मिळून पाच गोल केले, पण सहा खाल्ले. दिल्लीतल्या त्र्याऐंशीव्या मिनिटाची चाहूल इथेच लागली होती.

वर्षभराने विश्वचषक आला. सहा शहरांत सामने होते. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावचं फातोर्डा ही त्यांतली दोन मैदानं. विश्वचषकाच्या जेमतेम सात महिने आधी भारताचे प्रशिक्षक बदलले. जर्मनीचे निकोलाय अॅडम गेले, पोर्तुगालचे लुइस नॉर्टन डी मातोस आले. २१ मुलांच्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव होता. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता.

पहिला सामना अमेरिकेशी. त्यांच्या जोश सार्जंटने त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या विश्वचषकात चार गोल केले होते. आपल्याविरुद्ध पेनल्टीवर पहिला गोल त्याचाच. शेवटच्या टप्प्यात ०-२ असताना अन्वर अलीचा जोरदार फटका आडव्या खांबावर आदळला. परत आलेला चेंडू घेऊन अमेरिकेने तिथूनच मुसंडी मारली आणि तिसरा गोल केला. म्हणजे दिल्लीत आपण दोनदा एकाच ठिकाणी सापडलो. आपला सर्वांत चांगला क्षण आला की पुढच्याच श्वासाला गोल खायचा. तिसऱ्या सामन्यात घानाने ०-४ असं हरवलं. तीन सामने, एक गोल केला, नऊ खाल्ले. त्याच दिवसांत फातोर्ड्यावर इराणची मुलं जर्मनीला ४-० ने लोळवत होती. ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले.

आकडे बघून मुलांना दोष देणं सोपं होतं. पण नऊ गोल खाणाऱ्या त्या मुलांनी त्याआधी अटीतटीचे किती सामने खेळले होते? परदेश दौरे झाले होते, शिबिरंही झाली होती. युरोपातल्या अकादमीतलं मूल मात्र एका हंगामात सहज तीसेक सामने खेळतं, तेही गुणतक्त्याच्या दडपणाखाली. पंधराखालच्या मुलांची राष्ट्रीय लीग आपल्याकडे विश्वचषकाच्या तोंडावर कुठे सुरू झाली होती. दौऱ्यावर हरलात तर फोटो काढून परत यायचं असतं. लीगमध्ये हरलात तर पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहावं लागतं. हा फरक मुलाच्या पायात उतरतो.

म्हणून विश्वचषकानंतरचा निर्णय मला त्या तीन निकालांपेक्षा मोठा वाटतो. महासंघाने मुलांना घरी न पाठवता ‘इंडियन अॅरोज’ या नावाने आय-लीगमध्ये उतरवलं, बाप्या खेळाडूंसमोर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात बांबोळीला पहिला सामना झाला आणि त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं. त्यांतले दोन गोल अनिकेतचे. पुढे जीक्सन, अन्वर अली, सुरेश सिंग, कर्णधार अमरजित ज्येष्ठ संघात पोचले. दर आठवड्याच्या सामन्यांनी आपलं काम केलं होतं.

याचं फळ २०१८ मध्ये दिसलं. ऑगस्टमधल्या एकाच रात्री, काही तासांच्या अंतराने, दोन बातम्या आल्या. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या कोटिफ स्पर्धेत फ्लॉइड पिंटोंच्या वीसखालच्या संघाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं. दीपक तांगडीने सुरुवातीलाच गोल केला होता. उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना दहा जणांनी खेळून काढला. अन्वरचा फ्री किकवरचा गोल त्यानंतरचा. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी होते, चार वर्षांनी कतारमध्ये विश्वचषक जिंकणारे तेच. दुसरी बातमी जॉर्डनची. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या सोळाखालच्या संघाने इराकला १-० ने हरवलं, २०१६ मध्ये गोव्यातच आशियाई विजेता ठरलेल्या इराकला.

दोन महिन्यांनी बिबियानोंचा हाच संघ मलेशियात आशियाई स्पर्धेला उतरला. इथे आपली तिसरी नोंद. इराणला पेनल्टी मिळाली, गोलरक्षक नीरज कुमारने ती अडवली आणि सामना ०-० सुटला. व्हिएतनामला १-० ने हरवलं, इंडोनेशियाशी बरोबरी केली. गटात एकही गोल खाल्ला नाही. भारत पुढे गेला, इराण घरी गेला. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाचा एकच गोल, सदुसष्टाव्या मिनिटाला, नडला. तो सामना जिंकला असता तर भारत पहिल्यांदाच स्वतःच्या पायांवर चालत विश्वचषकाला गेला असता. तेव्हा आशियातून चारच संघ जात. २०२५ पासून सतराखालचा विश्वचषक ४८ संघांचा झाला आणि आशियाई उपांत्यपूर्व फेरी गाठणं पात्रतेला पुरेसं ठरलं. २०१८ च्या मुलांनी जिथवर मजल मारली, तिथे आजचा दरवाजा उघडला असता.

२०१६ चे ०-३ आणि २०१८ चे ०-०. मधल्या दोन वर्षांत काय बदललं? एक प्रशिक्षक टिकला, मुलं एकत्र राहिली आणि एकापाठोपाठ एक सामने मिळाले. जादू यापेक्षा वेगळी नव्हती. ती सैल सोडली की काय होतं, हेही लगेच कळतं. इंडियन अॅरोज २०२२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी मुलींच्या सतराखालच्या विश्वचषकाचं यजमानपद आपल्याकडे होतं. मैदानाबाहेरच्या कारभारावरून फिफाने ऑगस्टमध्ये महासंघाला निलंबित केलं, ते काही दिवसांनी उठलं आणि मुलींना भुवनेश्वरला तीन सामन्यांत सोळा गोल खावे लागले. २०२३ मध्ये थायलंडच्या आशियाई स्पर्धेत मुलांनी, पुढे विजेता ठरलेल्या जपानला चार गोल केले. चार! आणि आठ खाल्ले. पुन्हा तेच ब्याऐंशी-त्र्याऐंशी.

चौथी नोंद ताजी आहे. ३० नोव्हेंबर २०२५, अहमदाबाद, आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी. समोर इराण, प्रशिक्षक पुन्हा बिबियानो. भारताने आधी गोल खाल्ला, मग पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला दुसरा गोल केला. २-१.

आमच्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतात. प्रेम कमी नाही. पण त्या गॅलरीत वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला स्वतःला वर्षाकाठी किती सामने खेळायला मिळतात, हा प्रश्न आपण प्रत्येक गावात विचारायला हवा. मैदान मोकळं नाही, पंच मिळत नाहीत, परीक्षा आल्या, ही कारणं मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यातलं प्रत्येक कारण म्हणजे त्या मुलाचा न झालेला एक सामना.

अहमदाबादच्या त्या विजयात मला सर्वांत जास्त भावला तो दुसऱ्या गोलानंतरचा वेळ. मुलांनी मिठ्या मारल्या आणि ती जागेवर परतली. पुढचं मिनिट गेलं. त्याच्या पुढचं गेलं. मी घड्याळाकडे बघत होतो. ब्याऐंशीवं मिनिट गेलं, त्र्याऐंशीवं आलं आणि काहीही न घडता निघून गेलं.

(पुढच्या लेखांकात : मुलींचा संघ आणि त्या सोळा गोलांच्या मागची गोष्ट.)