फौजीच्या घरातील ट्रंक

तासगाव तालुक्यातील कोणत्याही बौद्धवस्तीत जा. ज्या घरातील माणूस मिलिटरीत होता, त्या घरात पाऊल टाकताच ते कळते. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वरदीतला फोटो असतो आणि कॉटखाली काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक असते. ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. आत जाड लोकरी कोट, पितळी बिल्ला, रंगीत फितीची पदके, आणि तळाशी पिशवीत गुंडाळलेले कागद. पोरे बिल्ल्याला हात लावतात, पदके छातीशी धरून बघतात. कागदांची पिशवी मात्र कोणी सोडत नाही.

आज त्या कागदांविषयीच लिहायचे आहे. वरदी माणसाच्या अंगावर पंधरा-वीस वर्षे राहते. कागद मात्र त्याच्या मागे त्याच्या बायकोला जगवतो. आणि आपल्या समाजाला गेलेली वरदी परत मिळाली, तीही कागद लिहिणाऱ्या माणसांमुळेच!

दार उघडले, दार मिटले

१ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिथल्या स्तंभावर कामी आलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यात शेवटी 'नाक' असलेली आपल्या पूर्वजांची नावे आहेत. गावात ज्याला नावाने हाक मारीत नसत, 'जोहार' घालायला लावीत, त्याचे नाव सरकारी दगडावर कोरले गेले ही साधी गोष्ट नव्हे. मुंबई लष्करात आपल्या माणसाला महिन्याचा पगार मिळे, हुद्दा मिळे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छावणीत शाळा असे. शिपायाला आणि त्याच्या मुलांना तिथे शिकायला मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि महूच्या छावणीतच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला.

पण त्याच सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचे खूळ काढले. अमुक जाती जन्मतःच लढाऊ आणि तमुक नव्हेत, असे ठरवून १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक धरली त्यांच्या मुलांपुढे पुन्हा गावकीची कामे आली. येसकरकी करा, सांगावे पोचवा, मेलेले ढोर ओढा आणि भाकरी मागून आणा!

तेव्हा आपल्या पेन्शनर मंडळींनी काय केले? लेखणी उचलली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवल्या आणि १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची '१११ वी' पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ साली मोडली. गरज पडली की दार उघडे, गरज सरली की बंद. अर्ज मात्र थांबले नाहीत.

सुभेदाराची मुले मसूर स्टेशनावर

वरदीचा मान छावणीच्या फाटकापर्यंतच होता, याचा दाखला आपल्याच भागातला आहे. रामजीबाबा पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब साताऱ्यात राहायला आले. त्या काळी आपले तासगावही सातारा जिल्ह्यातच होते. सांगली जिल्हा (आधीचे नाव दक्षिण सातारा) १९४९ साली वेगळा झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले.

१९०१ साली रामजीबाबा खटाव भागातील गोरेगावला नोकरीवर होते. भीमराव आणि बरोबरची मुले नवे कपडे घालून त्यांना भेटायला निघाली. आपण पुण्याला जाताना ज्या रेल्वेने जातो, त्याच मार्गावरच्या मसूर स्टेशनावर ती उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांनी पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. पण गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे! रात्रभर त्या लेकरांना कोणी घोटभर पाणी दिले नाही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुले सुभेदाराची होती, कपडे चांगले होते, पैसे रोख होते, तरी ही गत झाली.

बेळगावची पलटण

दुसरे महायुद्ध पेटले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण हवी, हा आग्रह त्यांनी धरला होता. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. आपल्या भागातील तरुणाला मिरजेहून रेल्वेने बेळगाव काही लांब नव्हते. त्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता! स्तंभावरची नावे सव्वाशे वर्षांनी नातवंडांच्या टोपीवर आली.

१९४६ साली ही मशीनगन रेजिमेंट झाली. त्या वेळची व्हिकर्स मशीनगन एकट्याने चालत नसे. एकाने गन उचलायची, दुसऱ्याने तिवई, तिसऱ्याने अडीचशे गोळ्यांचा पट्टा आणि कोणीतरी पाण्याचा डबा. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर चढू देत नसत, त्याने भरलेल्या पाण्यावर गन चाले आणि गनवर सगळ्यांचा जीव. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला आणि १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या आघाडीवर या गनर्सनी काम केले.

पुढे बिल्ल्यावरचा स्तंभ गेला आणि खंजीर आला. रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. 'यश सिद्धी' हे ब्रीद. आज तिच्यात देशाच्या सर्व भागांतील, सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. महाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या पलटणीत साऱ्या देशाची पोरे एका लंगरात जेवतात, ही बाबासाहेबांच्या विचाराचीच जीत नव्हे काय?

पीस, फील्ड आणि घरची बाई

पलटणीतला दिवस पहाटे सुरू होतो. पीटी, मग परेड, हत्यारांची सफाई, संध्याकाळी खेळ आणि रात्री हजेरी. बूट असे घासायचे की त्यात तोंड दिसले पाहिजे. बक्कल पितळी असेल तर रोज चकाकले पाहिजे. ही शिस्त रजेवर आल्यावरही सुटत नाही. तो पहाटे उठून अंगण झाडतो, पोरांची नखे तपासतो.

नोकरीचे दोन भाग असतात, पीस आणि फील्ड. पीस म्हणजे शांततेचे ठिकाण. तिथे क्वार्टर मिळाले तर बायकामुले नेता येतात. फील्ड म्हणजे सीमा, बर्फ, जंगल. तिथे एकट्यानेच राहायचे. पत्रावर गावाचे नाव लिहायचे नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली '५६ एपीओ' नाही तर '९९ एपीओ', एवढेच. आपला माणूस नक्की कुठे आहे हे घरच्या बाईला कळायचे नाही. आलेले पत्र वाचून घ्यायला ती गुरुजींच्या दारात जायची आणि मनातले चार शब्द लाजेने न सांगताच परतायची. आज मोबाईल आहे, पण आघाडीवर रेंज नसली की चार-चार दिवसांचा घोर तसाच आहे.

या बाईने मनिऑर्डरीवर घर चालवले. कमी पडले तेव्हा द्राक्षबागेत विरळणीला गेली, बेदाण्याच्या शेडवर गेली, सासूसासऱ्यांचे केले, पोरे शिकवली. पदक तिला नाही. निदान तिचे नाव तरी कागदावर नीट असावे की नको?

नावातली चूक महागात पडते

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत अजून पुरती गेलेली नाही. माहेरी एक, सासरी दुसरे. पलटणीच्या दफ्तरात एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरेच. नवरा हयात असेपर्यंत कोणाचे अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी गेले की प्रश्न येतो, 'ही तीच बाई कशावरून?' दुःखाच्या दिवसांत ती प्रतिज्ञापत्रे करीत फिरते. म्हणून फौजी बांधवांनी आणि त्यांच्या घरच्या भगिनींनी पुढील गोष्टी आजच कराव्यात.

विहारात मंगल परिणय झाला की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाहाची नोंद करून दाखला घ्यावा. तो पलटणीत देऊन पत्नीचे नाव 'पार्ट टू ऑर्डर'ने नोंदवून घ्यावे. मुलांच्या जन्माचीही तशीच नोंद करावी. सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एकच ठेवावी.

निवृत्त झाल्यावर डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, यांच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्यातील पत्नीचे नाव वाचून बघावे. चूक असेल तर नवरा असतानाच दुरुस्त करावी. पेन्शनचे खाते पती-पत्नीचे मिळून ठेवता येते, तसे ठेवावे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नये. नोकरीत मृत्यू आला तर तो आजाराने, कामावरच्या अपघाताने की लढाईत आला यावर कुटुंब पेन्शनचा प्रकार ठरतो. म्हणून पलटणीकडून आलेला प्रत्येक कागद जपावा. अडल्यास सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. माजी सैनिकाचे आणि विधवेचे ओळखपत्र तिथेच मिळते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलू. कॅन्टीनमधून तेल-साबण स्वस्त मिळतो, तशी बाटलीही मिळते. ज्या घरात रोज पंचशील म्हटले जाते, तिथे पाचवे शील त्या बाटलीपाशी मोडते आणि पेन्शन पंधरा दिवसांत संपते. शिस्तीचा माणूस परेडला चुकत नव्हता, तर शीलाला का चुकावा?

आजच्या पोरांसाठी

पहाटे तासगावच्या रस्त्यांवर भरतीसाठी पळणारी पोरे दिसतात. त्यांच्या आईबापांनी एक लक्षात घ्यावे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे भरती चार वर्षांची असते. त्यातील २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, सुमारे ११ लाख ७१ हजार. पण पेन्शन नाही. म्हणजे दार उघडे आहे, परंतु बहुतेकांसाठी चार वर्षांनी ते पुन्हा मिटणार. आपल्या समाजाने हे आधी दोनदा पाहिले आहे. म्हणून पोरगा पळू दे, छाती फुगवू दे. पण पदवीचा अभ्यास सोडू देऊ नका. सेवानिधी आला की त्याचे लग्नातले मांडव आणि मोटारसायकल होऊ देऊ नका.

१८९२ नंतर आपल्याला तारले ते छावणीच्या शाळेत शिकलेल्या पेन्शनरांच्या अक्षरांनी. बंदूक सरकारची होती, ती सरकारने काढून घेतली. अक्षर आपले होते, ते कोणालाही काढून घेता आले नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर वस्तीतील माजी सैनिकांनी आणि फौजींच्या पत्नींनी आपापल्या ट्रंकेतील पिशवी घेऊन एकत्र बसावे. शिकलेल्या मुलामुलींनी एकेक कागद वाचून, आजीचे, काकूचे, वहिनीचे नाव त्यात बरोबर आहे की नाही ते पाहावे. एका दुपारचे काम आहे.

जय भीम! जय भारत!