दोन नाणी, एकच आवाज

अकरावीला विज्ञान घेतलेली आपली मुलेमुली ‘द्विमितीय गती’चा धडा आला की बिचकतात. काही तर शाखाच बदलतात. पण हा धडा घरातही समजतो, असे आम्हाला वाटते.

टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवा. एकाला टिचकी मारून समोर उडवा आणि त्याच क्षणी दुसरे सरळ खाली पडू द्या. एक लांब जाईल, दुसरे पायाशी पडेल; आवाज मात्र एकदमच येईल. टेबल ८० सेंटिमीटर उंच असेल तर दोघांनाही सुमारे ०.४ सेकंद लागतात.

कारण सोपे आहे. पृथ्वी फक्त खाली ओढते, पुढच्या वेगाला हात लावत नाही. म्हणून वहीत जमा-खर्चासारखे दोन रकाने करा: आडव्या गतीचा हिशेब वेगळा, उभ्या गतीचा वेगळा. दोन्हींत वेळ तेवढी सारखी. हवेचा अडथळा सोडला तर दौलताबाद किल्ल्यावरच्या मेंढा तोफेच्या गोळ्यालाही हाच नियम. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे मांडले.

तथागतांनी ‘या आणि पाहा’ असे सांगितले. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात आपल्यासाठी महाविद्यालय उघडले. तेव्हा मातापित्यांनो, मुलांना ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणू देऊ नका. आज रात्री जेवणानंतर दोन नाणी काढा आणि सर्वांनी मिळून कान देऊन ऐका.