बुडबुडे वाढले, थर खाली बसला

वाशीम जिल्ह्यातल्या, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळक्यात तीन प्रावस्थांचा फ्लुइडाइज्ड बेड शोधून सापडणार नाही. पण चुलीवर रटरटणारा भात ज्याने पाहिला, त्याला निम्मा विषय कळलेलाच असतो: दाणे, पाणी, वाफ आणि तिघांची एकमेकांत उलथापालथ. कारखान्यात दाण्यांच्या जागी उत्प्रेरक येतो, खालून द्रव आणि वायू सोडून त्याचा थर उचलून धरतात, एवढेच.

निव्वळ वायूने उचललेले थर जर्मनीत विंक्लर यांनी १९२०च्या दशकातच कामाला लावले होते. द्रव सोबत आला आणि गणित बिघडले. पाण्याने फुगवलेल्या काचेच्या बारीक मण्यांच्या थरात हवा सोडली, तर तो आणखी फुगायचे सोडून चक्क खाली बसे! स्ट्युअर्ट आणि डेव्हिडसन यांनी १९६४ मध्ये याचा उलगडा केला. मोठा बुडबुडा आपल्यामागे पाण्याची शेपूट ओढत वेगाने वर जातो; तेवढे पाणी निसटले की मण्यांना उचलून धरायला कमीच उरते. मणी पाच-सहा मिलिमीटरचे असले, तर ते बुडबुडेच फोडतात आणि थर फुगतो. या विषयातले इतके देखणे कोडे मला दुसरे दिसत नाही. उद्योग मात्र उत्तरासाठी थांबला नव्हता. अशाच थरात जड तेल हलके करणारा एच-ऑइल कारखाना अमेरिकेत १९६३ सालीच सुरू झाला होता.

आपल्याकडे हा धागा माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आजच्या आयसीटीने, उचलला. केंब्रिजला डँकवर्ट्झ यांच्याकडे शिकून आलेले मनमोहन शर्मा, त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी, जोशींचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित, अशी ही परंपरा. बुडबुड्यांच्या स्तंभात, म्हणजे खालून वायू सोडलेल्या द्रवाच्या उंच नळीत, द्रव मध्यातून वर चढतो आणि भिंतीलगत उतरतो. जोशी-शर्मांनी १९७९ मध्ये मांडले की असे भोवरे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकाची उंची साधारण स्तंभाच्या व्यासाएवढी असते. म्हणजे व्यास बदलला की प्रवाहच बदलला. प्रयोगशाळेतल्या नळीचे आकडे मोठ्या रिअॅक्टरला सरसकट लावता येत नाहीत. पंडित-जोशींचा तीन प्रावस्थांच्या रिअॅक्टरांवरचा विस्तृत आढावा १९८४चा.

पुढे लेसरने वेग मोजणे आले, संगणकावरची प्रवाहगणिते आली. तरीही तीन प्रावस्थांच्या नव्या प्रक्रियेसाठी आधी छोटे प्रायोगिक संयंत्र चालवून पाहणे टळलेले नाही, आणि माझ्या मते लवकर टळणारही नाही.

वाशीमच्या मुलामुलींना माटुंगा लांब वाटत असेल, तर आयसीटीचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे.