माळावरील चाकोऱ्या : जव्हार-मोखाड्यातील रस्ताबाह्य मोटारप्रवास

रस्ता सोडून डोंगरमाळावरून मोटार हाकण्याची हौस महाराष्ट्रात अलीकडे वाढीस लागली आहे. चारही चाकांना गती मिळणारी वाहने पूर्वी सैन्य, सरकारी खाती व मोजके हौशी यांच्यापाशी असत. आता ती शहरी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली आहेत. मुंबई व नाशिक येथून एका दिवसात गाठता येणारे जव्हार व मोखाडा हे तालुके अशा सहलींच्या टापूत येतात. या हौसेच्या प्रसाराने भूमीस कोणती बाधा पोचते, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रथम ऋतूचा प्रश्न घेऊ. दाभोसा धबधबा किंवा सूर्यमाळचे पठार पावसाळ्यात खुलते आणि गर्दीही तेव्हाच लोटते. नेमक्या याच काळात वरकस जमिनीत नागली-वरईची लावणी चालू असते. येथील खडक बेसाल्टचा असून उतारांवर मातीचा थर पातळ आहे. ओली माती चाकाखाली सहज दबते. तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. चाकोरी उताराच्या दिशेने पडली असल्यास तिचा ओघळ होतो व ओघळाची पुढे घळ होते.

दुसरा प्रश्न संख्येचा. वाहने जितकी अधिक तितकी हानी अधिक, हे विधान अपुरे आहे. माती दबण्याचे बरेचसे कार्य पहिल्या काही फेऱ्यांतच उरकते. म्हणून शंभर वाहने एकाच चाकोरीतून गेल्याने होणाऱ्या हानीपेक्षा, ती निरनिराळ्या वाटांनी गेल्यास होणारी हानी मोठी ठरते. गर्दी वाढली म्हणजे हेच घडते. जुनी चाकोरी चिखलाने भरली की मागून येणारा तिला बगल देतो आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. बैलगाडीही जमीन कापीत असे. परंतु ती गावाच्या गरजेपुरती व ठरलेल्या वहिवाटीने चाले.

मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. या टंचाईचे मूळ कातळाच्या अल्प साठवणक्षमतेत व तीव्र उतारांत आहे. तिचा दोष मोटारींवर ठेवणे न्याय्य होणार नाही. तथापि झरे व विहिरी मुरलेल्या पाण्यावरच जगत असल्यामुळे झऱ्याच्या माथ्यावरील माळ दबणे ही क्षुल्लक बाब नव्हे. सहलीचा आनंद एका दिवसाचा असतो. त्याचे मोल मात्र चैत्र-वैशाखात गावकऱ्यांना चुकवावे लागते.

अमेरिकेत १९७२ च्या अध्यक्षीय आदेशाने संघीय सार्वजनिक भूमीवर अशा वाहनांसाठी मार्ग व क्षेत्रे निश्चित करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९७७ मध्ये, हानी दिसताच क्षेत्र बंद करण्याचे अधिकार त्यास जोडण्यात आले. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमान्वये सामूहिक वनसंपत्तीतील प्रवेशाचे नियमन ग्रामसभेस करता येते. ठरावीक मार्ग आखावेत, पावसाळ्यात ते बंद ठेवावेत आणि हा निर्णय ग्रामसभेने घ्यावा, हा मार्ग सरसकट बंदीपेक्षा व्यवहार्य दिसतो. हौशी प्रवाशाचेही हित त्यातच आहे. कारण माळच खचला तर त्याची वाटही उरणार नाही.