छायाचित्रांच्या कॅमेऱ्याने चलच्चित्रण : शिक्षकांसाठी काही प्राथमिक गोष्टी

स्नेहसंमेलन, सहल वा वृक्षारोपण यांची छायाचित्रे घेण्यासाठी पुष्कळ शाळांतून आता कॅमेरा आलेला आहे. त्याच कॅमेऱ्याने पाठाचे चलच्चित्रही घेता येते. २००८ साली निकॉनच्या डी ९० व कॅननच्या ५ डी मार्क २ या कॅमेऱ्यांपासून ही सोय या जातीच्या कॅमेऱ्यांत येऊ लागली. तथापि छायाचित्र उत्तम काढणारे शिक्षकही चलच्चित्र घेताना अडखळतात, असे शाळाभेटींत आढळून येते. त्याचे कारण जुन्या सवयीत आहे.

चलच्चित्र म्हणजे एका सेकंदात घेतलेली २५ स्थिर चित्रेच होत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी वाटाण्याच्या अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली, ती थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र घेऊनच. छायाचित्रात धावणारे मूल स्पष्ट यावे म्हणून आपण शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवतो. चलच्चित्रात तसे केल्यास प्रत्येक चित्र सुटे भासते व हालचाल झटके देत पुढे सरकते. म्हणून सेकंदाला २५ चित्रे असता शटर १/५० वर ठेवावे. याचा आणखी एक लाभ आहे. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदात १०० वेळा कमीअधिक होतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र जाणवते. १/५० वेग असला म्हणजे प्रत्येक चित्रात हे चढउतार सारखेच सामावतात आणि चित्र लुकलुकत नाही.

शटर असे बांधले गेल्यावर प्रकाशाचे नियमन भिंगाचे छिद्र व आयएसओ यांनीच करावे लागते. भर उन्हात ते कठीण जाते. सकाळची वेळ किंवा झाडाची सावली साधावी. फोकस व प्रकाशमान आरंभी ठरवून कायम करावे. ते कॅमेऱ्यावर सोपविल्यास पांढरा सदरा घातलेला मुलगा समोरून गेला की सारा वर्ग क्षणभर काळवंडतो. कॅमेरा आडवाच धरावा, तिपाईवर ठेवावा आणि प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद न हलविता घ्यावे. बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत, काही तर त्याहूनही लवकर, आपोआप थांबतात. तिकडेही लक्ष असावे.

परंतु सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते आवाजाकडे. माझाच अनुभव सांगतो. एका द्विशिक्षकी शाळेतील वृद्ध गुरुजी चिंचोक्यांच्या साहाय्याने हातच्याची वजाबाकी फार सुरेख शिकवीत. त्यांचा पाठ मी हौसेने टिपला. कॅमेरा मागील भिंतीशी मांडला होता. चित्र उत्कृष्ट आले. पण पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातील पाढे यांत गुरुजींचा आवाज पार बुडून गेला. पुढील महिन्यात पुन्हा घेऊ असे ठरले, आणि त्याआधीच गुरुजी निवर्तले. आज त्या चित्रात चिंचोके दिसतात, गुरुजींचे हात दिसतात; मुलगा चुकला म्हणजे ते त्याला काय विचारीत, एवढेच ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याच्या अंगचा ध्वनिग्राहक जवळचा आवाज आधी घेतो, त्यात भिंगाची खरखरही येते. यावर महाग उपकरणच हवे असे नाही. शिक्षकांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल ठेवून त्यावर आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावा. दोन्ही यंत्रे चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पुढे संगणकावर टाळीचे चित्र व टाळीचा आवाज एकत्र आणले की उरलेला पाठ आपोआप जुळतो. पंखे बंद करावेत, मिनिटभर चित्रण करून ते ऐकून पाहावे आणि मगच गुरुजींना पाठास आरंभ करण्याची विनंती करावी.