टाळू शिवली, आता कान तपासा

दुभंगलेला ओठ बाळ साधारण ३ ते ६ महिन्यांचं असताना शिवतात, टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात. ते नीट चालले नाहीत की पडद्यामागे पाणी साचतं. मग मुलाला कधी ऐकू येतं, कधी नाही. शाळेत त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतात. हा अन्याय आहे. सोबत दुसरा विकार नसेल, तर बहुतेकांची बुद्धी चारचौघांसारखीच असते; काहींचं वाचन मात्र अडखळतं. नीट ऐकू यावं म्हणून अशा मुलांना पुढच्या बाकावर बसवा. नाकातल्या बोलण्याला वर्ग हसला, तर उत्तर येत असूनही मूल हात वर करत नाही. आणि आईनं ग्रहणात काही चिरलं म्हणून ओठ दुभंगला, हा गैरसमज मुलाच्या कानावर कधीच पडू देऊ नका.